पुसायचं नाही

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्या ट्यूटर मॅडम रोज एक वाक्य म्हणायच्या, "आधी पेशंट माणसात आणा." माणसात आणणं म्हणजे कोमट पाणी, गॉज, कोरडा टॉवेल आणि धुतलेला गाऊन. रक्त असो, माती असो, ओकारी असो, आधी पुसून घ्या. डॉक्टर राउंडला यायच्या आत पेशंट स्वच्छ दिसला पाहिजे, चादरीला सुरकुती नको. तेहतीस वर्षं नोकरी केली, हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. घरी नातू खेळून आला तरी मी आधी त्याचे गुडघे पुसते आणि मग विचारते, कुठे पडलास रे.

या हाताने एकदा जे केलं ते सांगायला मला फार वर्षं लागली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव, वर्ष, मुलीचं वय, सगळं मी मुद्दाम इकडचं तिकडे केलंय. विदर्भातलं एक ग्रामीण रुग्णालय, तीस खाटा, रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी. साडेअकराच्या सुमारास एक बाई लेकराला पदरात गुंडाळून घेऊन आली. मुलगी सहाएक वर्षांची. ती रडत नव्हती. आई रडत होती, तीही आवाज न करता. काय झालं ते तिने माझ्या कानात सांगितलं, कारण बाहेर बाकड्यावर दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक बसले होते. मी डॉक्टरांच्या क्वार्टरवर निरोप धाडला. उलट निरोप आला, पोलीस केस आहे, पत्र येऊ दे मग बघू. शिवाय लेडी डॉक्टर जिल्ह्याहून बोलवावी लागेल.

म्हणजे सकाळपर्यंत काही नाही. मग मला येत होतं ते मी केलं. मावशीने स्टोव्हवर पाणी तापवलं. लेबर रूममध्ये, जिथे जरा आडोसा होता, तिथे मी तिला टेबलावर उभं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. हळूहळू, तिच्याशी बोलत. पिवळा फ्रॉक होता, पुढे खिसा. खिशात तीन बोरं निघाली. ती धुऊन मी तिच्या हातात दिली. फ्रॉक मावशीने साबणाच्या पावडरीत भिजवला, घासला, तीन पाण्यांतून काढला आणि मागच्या तारेवर टाकला. मुलीला आमचा छोटा गाऊन घातला, कपभर दूध पाजलं. बोरं तिने खाल्ली नाहीत, मुठीत धरून झोपली.

सकाळी आई माझ्या पाया पडली. "सिस्टर, तुमी माय झाल्या जी तिची."

पोलीस साडेनऊला आले, लेडी डॉक्टर दुपारी. कागदावर काय लिहिलं गेलं ते मी पाहिलं होतं, अंगावर जखम नाही, डाग नाही. डाग खरंच नव्हते, मी ठेवलेच नव्हते. फ्रॉक दिवसभर तारेवर वाळत होता आणि त्याच्या खालून माणसं ये-जा करत होती, त्यात एक हवालदारही. कुणी काही विचारलं नाही, कारण असा काही फ्रॉक आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मला कोर्टाचं समन्सही कधी आलं नाही. पुढे केसचं काय झालं ते कळलं नाही. आणि मी पुढची सतरा-अठरा वर्षं त्या रात्रीकडे एक चांगली ड्यूटी म्हणून पाहत राहिले.

पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनाला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत आम्हा सिस्टर लोकांना एका प्रशिक्षणाला पाठवलं. न्यायवैद्यक विभागाच्या एक डॉक्टर मॅडम शिकवत होत्या. त्यांनी फळ्यावर एका अमेरिकन अभ्यासाचे आकडे लिहिले. २००० साली छापून आलेला अभ्यास, दहा वर्षांखालच्या २७३ मुलांचा. जो काही पुरावा सापडला त्यातला ६४ टक्के कपड्यांवर आणि चादरींवर होता, पण कपडे गोळा केले होते फक्त ३५ टक्के मुलांचे. मुलांच्या अंगावरून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यांवर ९ तासांनंतर वीर्य आणि १३ तासांनंतर रक्त सापडलं नाही. मी बसल्या जागी बोटं मोजली. रात्री साडेअकरा ते दुसऱ्या दिवशी दुपार. आणि तारेवरचा फ्रॉक. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. शेजारची सिस्टर म्हणाली, बीपी वाढलं का?

तेव्हापासून हेच शिकवते, पुरावा कसा राखायचा ते. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली, आता निवृत्तीनंतर कुणी बोलावलं तर. वर्गात अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स असतात, एखादी परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, क्वचित एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स. बहुतेक जणी वरून ऑर्डर आली म्हणून आलेल्या, आणि तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट कधी मिळेल याकडे डोळे. मी त्यांना दोष देत नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी बाई उभी असते तेव्हा नवं शिकणं म्हणजे नवं काम, हे तिला पुरतं ठाऊक असतं.

पहिला प्रश्न दरवेळी तोच. "मॅडम, तपासणी तर डॉक्टरांची. आमचं काय काम?"

कायद्याने खरंच तसं आहे. पोक्सोचं कलम २७ सांगतं की तपासणी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६४-अ प्रमाणे व्हायची, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरने. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १८४ झालंय. मुलगी असेल तर डॉक्टर स्त्रीच हवी. एफआयआर झालेला नसला तरी तपासणी करता येते. पण त्याच कलमात एक ओळ आहे, ती मी दोनदा वाचून दाखवते. तपासणीच्या वेळी आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस हजर हवं, आणि तसं कुणी नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने नेमलेली एक स्त्री. नेमलेली स्त्री! कोण असते ही रात्री दोन वाजता? ड्यूटीवर जी असेल ती. तिला नेमणुकीचं पत्र कधी मिळत नाही, पण डॉक्टर येण्याआधीचा एक तास आणि गेल्यानंतरची अख्खी रात्र तिचीच असते. पोराला हात पहिला लागतो तो तिचा. मग तो हात शिकलेला नको का?

अमेरिकेत हे पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं गेलं. तिथेही अत्याचार झालेल्या बाया-मुली इमर्जन्सीच्या बाकड्यावर तासन्‌तास बसून राहायच्या, कारण जीव जात नव्हता म्हणून त्यांचा नंबर शेवटी. डॉक्टरांना पुरावा घ्यायचं शिक्षण नव्हतं आणि कोर्टाच्या चकरा कुणाला नको होत्या. १९७६ ला टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये, १९७७ ला मिनियापोलिसमध्ये आणि १९७९ ला टेक्सासमधल्या अमरिलोत असे तीन कार्यक्रम सुरू झाले, ज्यांत नर्सनीच तपासणी करायची, नर्सनीच बोळे घ्यायचे, नर्सनीच साक्षीला उभं राहायचं. १९९२ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. मोठ्यांसाठीचं आणि लहान मुलांसाठीचं शिक्षण तिथे वेगळं धरतात, नुसती थिअरीच किमान ४० तास, वर प्रत्यक्ष काम. एवढं ऐकलं की वर्गातली एखादी धीट मुलगी विचारते, "मग आपल्याकडे का नाही?"

माझं उत्तर दरवेळी सरळ येत नाही. एका बाजूने वाटतं, व्हायलाच हवं. तालुक्याला रात्री लेडी डॉक्टर नसते म्हणून पोरीला जीपमध्ये घालून ऐंशी किलोमीटर जिल्ह्याला नेतात, तेही उपाशी, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की तोंडातला पुरावा जाईल. तिथे एक शिकलेली सिस्टर हे काम नीट करू शकते, माझ्या डोळ्यांसमोर अशा चार-पाच जणी आहेत. दुसऱ्या बाजूने आपलं खातं मी ओळखून आहे. काम देतील, पगार देणार नाहीत. आणि साक्षीला गेली तर तो दिवस रजा म्हणून कापतील.

आता आमच्या वर्गाविषयी. पहिल्या दिवशी मी कुणाला शरीराचं चित्रसुद्धा दाखवत नाही. दिवसभर कागद, कापड आणि सील करायची लाख. जमिनीवर स्वच्छ कागद अंथरायचा, बाहुलीला त्यावर उभं करायचं आणि तिचे कपडे एकेक करून उतरवायचे. झटकायचे नाहीत. वरून काही गळलं, केस, माती, गवताची काडी, तर ते त्याच कागदात राहिलं पाहिजे. मग त्या कागदाची पुडी बांधायची. तज्ज्ञ मंडळी या घडीसाठी लांबलचक वर्णन लिहितात. मी म्हणते, किराणावाला हिंग बांधतो तशी. सगळ्या हसतात आणि सगळ्यांना येते. टाचणी नाही, स्टेपलर नाही.

खिसे रिकामे करायचे नाहीत. खिशात जे असेल ते वेगळ्या पाकिटात, आणि लिहायचं, उजवा खिसा, काय, किती नग. हे सांगताना मी थोडी थांबते. त्या बोरांचं मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. ती तिला कुणी दिली होती हे त्या रात्री माझ्या मनातच आलं नाही.

मग बोळे वाळवणं. इथे सगळ्यांचा संयम सुटतो. मी कपड्यावर कोरा चहा सांडून ठेवते, तो डाग डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलावलेल्या बोळ्याने उचलायचा आणि बोळा सावलीत, हवेवर वाळू द्यायचा. उन्हात नाही, हीटरपुढे नाही. ओला बोळा पिशवीत बंद केला की बुरशी धरते आणि मुंबईत कालिन्याच्या किंवा नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचतो तो नुसता कुजका कापूस. म्हणून प्लास्टिक नाही, कागदाचं पाकीट. एका बॅचमध्ये एका सिस्टरने घाईघाईने फुंकर मारली. मारली आणि स्वतःच जीभ चावली. तिची थुंकी, तिचा डीएनए. तो बोळा मी तसाच ठेवलाय, पाकिटावर तिचं नाव नाही, फक्त "फुंकर" लिहिलंय. दरवर्षी दाखवते.

लाखेचं सील लावताना दोघी-तिघींची बोटं पोळतात. पाकिटावर नंबर, नाव, वेळ, सही. कुणाकडून कुणाकडे गेलं त्याची नोंद. मधे जेवायला जायचं तर पाकीट टेबलावर टाकून जायचं नाही, कुलपात. आणि कुलपाची किल्ली? प्रत्येक रुग्णालयात हा प्रश्न एका अनाम कपाटापाशी येऊन संपतो, ज्याची किल्ली फार्मासिस्टकडे असते आणि फार्मासिस्ट लग्नाला गेलेला असतो. मी हे विनोदाने सांगते, पण साखळीतली अशी एक कडी तुटली की बचावाचे वकील तिलाच धरून लोंबकळतात.

दुसरा दिवस बोलण्याचा, खरं तर न बोलण्याचा. आमच्याकडे वऱ्हाडात "पुसणे" म्हणजे विचारणेही. "मले का पुसता, त्याले पुसा." लेकराला किती जण पुसतात ते मी फळ्यावर मोजायला लावते. आई, आजी, शेजारीण, पोलीसपाटील, ठाण्यातला जमादार, महिला शिपाई, कॅज्युअल्टीतला डॉक्टर, मग सिस्टर, मग लेडी डॉक्टर. नवव्या माणसापर्यंत पोचताना पोराचं बोलणं आधीच्या आठ जणांच्या तोंडचं होऊन बसतं. कुणी विचारलेलं असतं, "त्यानं तुला तिथं हात लावला ना?" आणि थकलेलं पोर मान हलवतं, कारण मान हलवली की मोठी माणसं गप्प बसतात हे त्याला कळलेलं असतं. म्हणून सिस्टरने खोदून पुसायचं नाही. उपचाराला लागेल तेवढंच, कुठे दुखतं, शू करताना आग होते का. आणि लेकरू आपणहून बोलायला लागलं तर मधे तोंड घालायचं नाही, फार तर "मग?" म्हणायचं.

आणि ते जे बोललं ते तसंच लिहायचं. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मी एक सिस्टर निवडते, तिला पोराची भूमिका देते, ती बाहुलीकडे बोट दाखवून म्हणते, "त्या मामानं मले इथं दुखवलं, अन् म्हणे का आईले सांगशील तर मांजर मारून टाकीन." बाकीच्यांनी नोंद करायची. पंधरातल्या बारा जणी लिहितात, "पीडितेने लैंगिक अत्याचार झाल्याचे व जिवे मारण्याची धमकी दिल्याचे सांगितले." अक्षर छान, शासकीय मराठी अचूक, आणि मांजर गेलं. सहा वर्षांची मुलगी "लैंगिक अत्याचार" म्हणते का? कोर्टात वकील हेच विचारणार, कुणी पढवलं हिला? आणि ज्या मांजरासाठी ती चार महिने गप्प राहिली ते कागदावरून पुसलंच गेलं. अवयवाला तिच्या घरी जो शब्द असेल तोच लिहायचा, शूची जागा म्हणाली तर शूची जागा. बोट कुठे दाखवलं ते पुढे. वरिष्ठ म्हणतील रेकॉर्ड अडाण्यासारखं दिसतं. दिसू दे.

तिसऱ्या दिवशी शरीर. लहान मुलीच्या तपासणीत आत काहीही घालायचं नसतं. आईच्या मांडीवर बसवून, चांगल्या उजेडात, नुसतं पाहायचं. आधी कान, मान, दंड, पाठ, मग बाकीचं. पोर नको म्हणालं की थांबायचं, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं, आणि तरी नको असेल तर तसं लिहायचं. सिस्टरचं काम इथे उजेड धरणं, फूटपट्टी ठेवून मोजमाप सांगणं, आकृतीवर खुणा करणं, आणि डॉक्टर घाईत असतील तर घाईत नसणं.

माराच्या खुणांवर वर्ग रंगतो. गुडघ्यावर, नडगीवर निळं दिसलं तर ते पोर पळतं, पडतं, एवढंच. पण चार वर्षांच्या आतल्या पोराच्या कानावर, मानेवर, छाती-पोट-पाठीवर निळं दिसलं, किंवा अजून कूसही न बदलणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठेही, तर थांबून विचार करायचा. रंगावरून मार किती दिवसांचा हे छातीठोक सांगायचं नाही. आमच्या पिढीला तो तक्ता पाठ होता, चुकीचा होता. पाठीच्या खालच्या बाजूची जन्मापासूनची निळसर छटा म्हणजे मार नव्हे. एकदा मेळघाटातली एक एएनएम उठली. म्हणाली, मॅडम, आमच्याकडे बाळाचं पोट फुगलं की गरम विळ्याचे चटके देतात, पोटभर खुणा असतात, हे अत्याचारात धरायचं का? वर्गात भांडण लागलं. अर्ध्या म्हणाल्या, आजीने मायेने केलं, गुन्हा कसला. अर्ध्या म्हणाल्या, बाळाला मायेचा चटका आणि रागाचा चटका वेगळा कळतो का? मी मधे पडले नाही. एवढंच सांगितलं की आकृतीवर चटके किती, केवढे, ताजे की खपली धरलेले, हे लिहा आणि दिलं कोणी, कशासाठी, हे ज्याने सांगितलं त्याच्या शब्दांत लिहा. ती एएनएम आमच्यापेक्षा जास्त काही जाणत होती, हे तिच्या गप्प बसण्यावरून दिसत होतं.

मुलग्यांचा विषय मला प्रत्येक वेळी आठवणीने काढावा लागतो, कोणी आपणहून काढत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाचं सांगितलं, आणि त्या सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. तरी मुलगा आला की आपण "पडलास का रे?" म्हणून मोकळे.

आणि मग तो शब्द, ज्याच्यासाठी खरं तर तिसरा दिवस आहे. तपासणी झाली की आई दाराशी गाठते. "सिस्टर, सगळं नारमल हाये ना?"

काय सांगणार? २००२ मध्ये अमेरिकेतल्या २,३८४ मुलांच्या तपासण्यांचा अभ्यास छापून आला. अत्याचाराच्या संशयाने आणलेली मुलं, आणि त्यांतल्या ९६.३ टक्के मुलांची तपासणी नॉर्मल. दोन वर्षांनी आणखी एक, ३६ गरोदर किशोरी, आणि संबंध आल्याचा ठाम शारीरिक पुरावा फक्त दोघींमध्ये. गरोदर! तिथली त्वचा लवकर भरून येते, पुष्कळ प्रकारांत जखम होतच नाही, आणि लेकरू सांगतं तेही आठवड्यांनी, महिन्यांनी. म्हणजे नॉर्मल हा निकाल "काही झालं नाही" असं म्हणत नसतो. तो काहीच म्हणत नसतो.

पण आपल्याकडे त्याला बोलायला लावलं गेलं, तेही आमच्याच भागात. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत जिच्यावर बलात्कार झाला ती मथुरा. डॉक्टरी तपासणी झाली वीसेक तासांनी. वय चौदा ते सोळाच्या मधलं लिहिलं, अंगावर इजेची खूण नाही असं लिहिलं, आणि दोन बोटांची ती चाचणी, बोटं आत घालून मुलीला संबंधांची सवय आहे का ते ठरवणारी. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. खुणा नाहीत म्हणजे तिने विरोध केला नाही, असं धरून. त्यावर चार कायद्याच्या प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, १९८३ ला कायदा बदलला. डॉक्टरी फॉर्म मात्र त्यानंतर तीस वर्षं साधारण तसेच राहिले. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी २०१० मध्ये या तपासण्यांची दुर्दशा मांडणारा अहवाल काढला, आणि हा विषय नागपूर खंडपीठासमोर गेला. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ ला आली, दोन बोटं बाद झाली. सर्वोच्च न्यायालयाला तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मुंबईत मात्र वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालापासून महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून सुरू केलेलं, हिंसा सोसलेल्या बायांसाठीचं दिलासा केंद्र आहे, आणि तिथल्या पालिका रुग्णालयांत डॉक्टर-सिस्टरांना एकत्र बसवून शिकवण्याचं काम झालेलं आहे. मी जे शिकवते त्यातलं बरंचसं त्या वाटेने आमच्याकडे आलं.

तर दाराशी उभ्या आईला काय सांगायचं, याची आम्ही तालीम करतो. खरोखर, दोघी-दोघी उभ्या करून. "शरीराला कायमची इजा दिसत नाही, ती बरी होईल. आणि तिने जे सांगितलं ते खरं मानूनच आम्ही लिहिलंय." दोन्ही वाक्यं, याच क्रमाने, मधे "पण" नको. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा, "पण" येतोच. एक सीनियर सिस्टर तीनदा चुकली आणि चौथ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं. कारण विचारलं नाही.

प्रशिक्षण संपतं. तिघींपैकी एकीची सहा महिन्यांत ऑपरेशन थिएटरला बदली होते आणि लाखेची कांडी कपाटात तशीच राहते. उरलेल्या दोघींकडे माझा नंबर असतो.

मागच्या पावसाळ्यात रात्री पावणेएकला फोन वाजला. एका तालुक्याची सिस्टर, दोन वर्षांपूर्वीच्या बॅचची. आवाज अगदी हळू, फोनभोवती हात धरून बोलत असावी.

"मॅडम, पोक्सो आहे. डॉक्टर मॅडम निघाल्यात, तास लागेल. पोरगी आईच्या मांडीवर आहे, मी कशालाच हात लावला नाही. अंग पुसलं नाही."

"बरं केलंस. दूध-पाणी?"

"तोंडाचं काही नाही म्हणते आई, म्हणून दूध दिलं. पण मॅडम, फ्रॉक ओला आहे. आईने घरीच धुतला. पिशवीत घालून आणलाय. आई म्हणते, फेकून द्या. फेकू का?"

मी अंथरुणात उठून बसले. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. धुतलेल्या कपड्यावरूनही डीएनए मिळू शकतो, हे अलीकडच्या प्रयोगांत दिसलंय. माझ्या त्या रात्रीच्या वेळी हे मला ठाऊक नव्हतं.

"फेकू नकोस. पिशवीतून काढ, स्वच्छ कागदावर पसर, आतल्या खोलीत सावलीत वाळव. ती पिशवीही ठेव, वेगळ्या पाकिटात. खिसा आहे का?"

"आहे. रिकामा आहे."

"रिकामा आहे, असंच लिही. आणि फ्रॉक कुणी धुतला, किती वाजता, कशाने, ते सगळं."

"वडीने की पावडरने, तेही?"

"तेही."

"मग पुसू का?"

"आईला पूस. लेकराला नको."